खिडकी कुणाची, मालकाची की चितारणाऱ्याची?

काचवेडी:
"विल्यम वेल्स मूळचा चहा-किराणावाला. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या रंगीत काचेच्या खिडक्या त्याच्या म्हणून त्याला कलावंत म्हणू नका." काल इथे हे वाचलं आणि डोकंच फिरलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा हा दुकानदार 1830 मध्ये रंगीत काचेचं काम शिकायला जर्मनीला गेला आणि 1838 मध्ये त्याने स्वतःचा व्यवसाय काढला. ग्लॉस्टर कॅथेड्रलची पश्चिमेची भलीमोठी खिडकी त्याचीच.

जुना ड्राफ्ट्समन:
"त्याचीच" म्हणजे? चित्रं पदरचे चित्रकार काढायचे. फ्रान्सिस ऑलिफंट त्यातलाच. आज तो फक्त लेखिका मार्गारेट ऑलिफंटचा नवरा म्हणून उरलाय. मी 22 वर्षं एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज काढली. एका जिन्याच्या कठड्याची नक्षी तर रात्री जागून केली. कोनशिलेवर साहेबांचं नाव, मला उद्घाटनाचं बोलावणंसुद्धा नाही. मालकांचे पोवाडे मला ऐकवू नका.

कुलाबेकर:
तुमच्या साहेबांचा राग वेल्सवर का काढताय? खिडकी म्हणजे नुसतं चित्र नव्हे. काच निवडा, कापा, रेघा रंगवून भट्टीत भाजा, चांदीच्या क्षाराने पिवळा रंग उतरवा, मग शिशाच्या पट्ट्यांत बसवा. भट्टी बिघडली की तुकडा वाया. हे निभावणाऱ्याला काहीच श्रेय नाही?

जुना ड्राफ्ट्समन:
वेल्सला पैसा मिळाला की! न्यूकॅसलशेजारच्या गेट्सहेडला सॉल्टवेल टॉवर्स हा वाडा उभारला. ऑलिफंट 1859 मध्ये रोमला क्षयाने गेला, मुलं बायकोने लिहून वाढवली.

काचवेडी:
अर्धंच सांगताय. ऑलिफंटने पुढे लंडनला स्वतःचं काम सुरू केलं होतं, त्याचं मरण वेल्सच्या माथी का मारता? आणि वेल्सलाही 1876 मध्ये ती वाड्याची इस्टेट नगरपालिकेला विकावी लागली. आज तिथे सार्वजनिक बाग आहे.

मूळ धागाकर्ता:
"चहावाला" मागे घेतो. "कलावंत" तरीही म्हणणार नाही, "कारखानदार" म्हणेन.

कुलाबेकर:
एकदा दुपारी चर्चमध्ये बसून या. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. ऊन कललं की त्या खाचांवर खिडकीचे रंग सांडतात. शाळेत असताना मी त्यावर तळहात धरून बसायचो.

जुना ड्राफ्ट्समन:
मीही पाहिलंय. खिडकी सुंदरच आहे, ते मी कधी नाकारलं? पण तिच्याबद्दल लिहाल तेव्हा "वेल्सच्या कारखान्यातली" एवढं तरी लिहा.