मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या गॅपनंतर अकाउंट्सच्या नोकरीसाठी सीव्ही कसा लिहू?

सातपूरकरीण

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बी.कॉम. २००८. पुढच्या वर्षी नाशिकला सातपूर एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागले, जून २०१६ पर्यंत होते. मग मुलगी झाली, अहोंची बदली चिंचवडला, सासूबाईंचं आजारपण. बघता बघता नऊ वर्षं गेली. आता मुलगी शाळेत रुळली आहे आणि मला परत काम करायचंय.

दोन महिन्यांत भोसरी-चाकण पट्ट्यात ३४ अर्ज टाकले. फोन आला एक, तोही विमा विकण्यासाठी.

सीव्ही भाच्याने कॅनव्हावर करून दिलाय. दोन रकाने, डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, खाली टॅली ९० टक्के, एक्सेल ७० टक्के अशा भरलेल्या पट्ट्या. दिसतो झकास. अनुभवात लिहिलंय: रोजचं अकाउंटिंग, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, एलबीटी (महापालिकेचा स्थानिक कर), सी फॉर्म फॉलोअप, बँक रेको (बँकेशी हिशेब जुळवणं), पीएफ-ईएसआयसी चलन. गॅपचा उल्लेख नाही. साल न घालता नुसतं 'सात वर्षांचा अनुभव' लिहिलंय.

१. गॅपचं काय करू? २. व्हॅट, एलबीटी हे जीएसटीच्या आधीचे कर, ते काढून टाकले तर मागे उरतं काय? ३. कव्हरिंग लेटर कुणी वाचतं तरी का? मी नेटवरून एक उचललंय, त्यात 'वरिष्ठांचे पूर्ण समाधान होईल असे काम करण्याची ग्वाही देते' असं वाक्य आहे.

टवाळ_कार्टं

ताई, ते वाक्य माझ्या आजोबांनी पोस्टात लागताना लिहिलं होतं.

मधली_आळी

गॅप अशी दाखवायचीच नाही. ओळखीच्या कुणाकडून २०२४ पर्यंतचं एक्सपिरियन्स लेटर घ्या. सगळे करतात.

खतावणी

सगळे करत नाहीत, आणि जे करतात ते पकडले जातात. ताईंनी पीएफची चलनं भरलेली आहेत, त्यांना हे सांगायला नको. यूएएनला (पीएफच्या कायम खाते क्रमांकाला) लॉगिन केलं की कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं समोर येतं. रुजू होताना एचआर ते बघतोच.

मी भोसरीत एका मध्यम कारखान्याचे अकाउंट्स बघतो. गेल्या वर्षभरात तीन माणसं घेतली, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगतो.

आधी तो सीव्ही. नोकरीच्या पोर्टलवर फाइल चढवली की सॉफ्टवेअर त्यातला मजकूर वेगळा काढतं. दोन रकाने असले की बरेचदा डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते आणि पट्ट्यांचा तर मागमूस राहत नाही. घरी करून बघा: पीडीएफमधलं सगळं निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल तेच यंत्राला दिसतं. आणि टॅली ९० टक्के म्हणजे उरलेलं १० टक्के काय येत नाही? साधी वर्ड फाइल, एकच रकाना, फोटो नाही. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्रही नको.

गॅप लपवू नका. साल न दिसलेला सीव्ही मी बाजूला ठेवतो, कारण झाकलेली गोष्ट मला शोधत बसायला वेळ नसतो. '२०१६ ते २०२५: कौटुंबिक जबाबदारी' एवढी एक ओळ पुरे. पण मला शंका आहे की तुम्ही ही नऊ वर्षं हिशेबाला हातच लावला नाही असं नसणार. अकाउंट्सवाल्याला घरात कुणी सोडत नाही. खरं सांगा.

सातपूरकरीण

हा हा. दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याचं जीएसटी मीच भरते. दर महिन्याला आर-१ (विक्रीचा तपशील) आणि थ्री-बी (महिन्याचा गोषवारा आणि कर). २०१९ पासून. शिवाय सोसायटीची खजिनदार आहे, ६४ फ्लॅट, मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, ऑडिटला कागद देणं. पण हे घरचं काम. पगार नाही, ते सीव्हीत कसं लिहिणार?

खतावणी

बघा! तुम्ही ३४ ठिकाणी असा सीव्ही पाठवलात की जीएसटी येण्याच्या आधीच तुमचं काम थांबलंय. १ जुलै २०१७ नंतरचं त्यात एक अक्षर नाही. वाचणाऱ्याने सरळ समजायचं की बाईंना जीएसटी माहीत नाही. आणि इकडे तुम्ही सहा वर्षं रिटर्न्स भरताय.

पगार नसला तरी काम ते कामच. फक्त त्याला नोकरी म्हणू नका. 'कुटुंबाच्या व्यवसायाचे जीएसटी रिटर्न्स, विनावेतन' असं स्वच्छ लिहा. २-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवर येणारी यादी, जुळवता का?

सातपूरकरीण

दर महिन्याच्या १४ तारखेला २-बी आली की खरेदीशी जुळवते. दोन-तीन सप्लायर कायम उशिरा रिटर्न भरतात, त्यांच्यामागे फोन करकरून लागावं लागतं, नाहीतर दिरांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं.

खतावणी

मग आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. सी फॉर्म आठवा. दुसऱ्या राज्यात माल २ टक्के कर लावून विकायचा आणि गिऱ्हाइकाने फॉर्म दिला नाही तर कराचा फरक आपल्या बोडक्यावर. त्यासाठी तुम्ही पार्ट्यांचा पिच्छा पुरवत होतात. तेव्हा माल घेणाऱ्याच्या मागे लागायचं, आता माल देणाऱ्याच्या. काम तेच: दुसऱ्याच्या कागदावर आपले पैसे अडकलेत, ते गोड बोलून सोडवायचे. माझ्याकडे टॅली येणारी पोरं पोत्याने येतात, हे जमणारं माणूस मिळत नाही.

तेव्हा सी फॉर्म ठेवा. व्हॅट, सर्व्हिस टॅक्स एका ओळीत गुंडाळा. एलबीटी काढा, ते २०१५ सालीच बहुतेकांसाठी बंद झालं, आज ते वाचून फक्त वय कळतं. आणि 'फॉलोअप' असं मोघम नको. किती फॉर्म अडकले होते, किती आणलेत? बिलं महिन्याला किती? कामगार किती? नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' लिहा, पण मुलाखतीत विचारलं तर सांगता येईल तेवढंच.

तळेगावचे_आजोबा

कव्हरिंग लेटरबद्दल मी सांगतो, बँकेत बरीच वर्षं अर्ज वाचलेत. वेगळी फाइल जोडू नये, ईमेलच्या मजकुरातच लिहावे. आठ-दहा ओळी. पहिल्या ओळीत कोणत्या जागेसाठी, दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या जाहिरातीतल्या एखाद्या मागणीला तुमचे नेमके उत्तर. सीव्ही पुन्हा लिहून काढू नये. विषयाची ओळ रिकामी सोडणारे महाभाग मी पाहिलेत. आणि मुली, एकच पत्र ३४ जणांना पाठवलेस ना? त्यातल्या एखाद्यात तरी दुसऱ्याच कंपनीचे नाव राहिले असणार.

सातपूरकरीण

आजोबा, दोनांमध्ये राहिलं होतं. आत्ता तपासलं. मेले.

नवीन मजकूर खाली देतेय. पाठवताना इंग्रजीतच पाठवीन, इथे मराठीत.

'अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत आपण जीएसटी रेकन्सिलिएशनचा अनुभव मागितला आहे. २०१९ पासून कुटुंबाच्या हार्डवेअर दुकानाचे मासिक रिटर्न्स मी भरते आणि २-बीशी खरेदी जुळवते (विनावेतन). त्याआधी सातपूरच्या ऑटो पार्ट्स कारखान्यात सात वर्षे होते: महिन्याला सुमारे ३०० खरेदी बिले, ८५ कामगारांचे पीएफ-ईएसआयसी. शेवटच्या वर्षी अडकलेल्या ४० सी फॉर्मपैकी ३४ मिळवले. २०१६ मध्ये घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडली, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे. चिंचवडला राहते, लगेच रुजू होऊ शकते. मला या संधीबद्दल मनापासून उत्सुकता असून आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीत खारीचा वाटा उचलण्याची इच्छा आहे.'

खतावणी

शेवटचं वाक्य उडवा. बाकी हात लावू नका. 'लगेच रुजू' मात्र अगदी वर घ्या. आमच्याकडे लोक नोटीस पिरियड सांगतात तेव्हाच घाम फुटतो, तुम्हाला तो नाहीच. फाइलचं नाव 'रिझ्युमे फायनल २' असेल तर तेही बदला, तुमचं नाव आणि 'अकाउंट्स' घाला.

मधली_आळी

माझा सल्ला मागे घेतो. यूएएनचं लक्षात आलं नव्हतं.

सातपूरकरीण

अपडेट: या वेळी अकराच अर्ज केले, प्रत्येक जाहिरात वाचून. दोन फोन आले. एकाने पगार ऐकून फोन ठेवला. दुसऱ्यांनी शनिवारी चाकणला बोलावलंय. टॅली प्राइमवर टेस्ट घेणार आहेत. दिरांकडे अजून टॅलीचं जुनं ईआरपी ९ आहे, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

खतावणी

बरंचसं तेच आहे. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, काही बदललं नाही. क्रेडिट नोट मात्र कंट्रोल एफ८ नाही, आता ऑल्ट एफ६. डेबिट नोट ऑल्ट एफ५. काही सापडेना तर ऑल्ट जी दाबून नाव टाइप करा. शुक्रवारी संध्याकाळी एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवाय सरावासाठी असतो तो) तासभर हात फिरवा.