मदत हवी आहे: एलईडी मास्कने डाग वाढले, शनिवारी लग्न आहे!

दुपारचा_चहा: भाच्याने दुबईहून एलईडी मास्क (चेहऱ्यावर रंगीत उजेड पाडणारा मुखवटा) आणून दिला. तीन आठवडे वापरतेय. पिंपल्स बसले, पण गालांवरचे आणि वरच्या ओठावरचे डाग गडद झालेत. बंद करू की चालू ठेवू? 'डॉक्टरांना दाखवा' लिहू नका, बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

पेठकर: कुठला रंग? किती वेळ? तुमचा वर्ण काय? काहीच लिहिलेलं नाही, आम्ही पत्रिका बघून सांगायचं का?

सायसाखर: मसूरडाळीचं पीठ नि साय. बाकी सगळी थेरं.

दुपारचा_चहा: सात रंग आहेत, मी निळा लावते. गव्हाळ. अर्धा तास, सिरीयल संपेपर्यंत.

नाइटड्यूटी: अर्धा तास?! बहुतेक मास्कना दहा मिनिटं सांगतात. निळा (तरंगलांबी 415 नॅनोमीटरच्या आसपास) पिंपल्सच्या जंतूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या, उजेड शोषणाऱ्या द्रव्यावर काम करतो, म्हणून पिंपल्स बसले. पण गव्हाळ-सावळ्या कातडीत तोच प्रकाश रंगपेशींना चेतवतो. वर्णन वांगाचं वाटतंय. आजच बंद करा.

स्टॉकहोमकर: मी वर्षभर लाल वापरतेय, काहीही झालं नाही. लाल लावा.

नाइटड्यूटी: तुमचा वर्ण?

स्टॉकहोमकर: गोरी आहे, पण त्याचा काय संबंध?

पेठकर: तोच तर संबंध आहे!

नाइटड्यूटी: लाल (630 च्या आसपास) सावळ्यांना निळ्यापेक्षा बरा, मान्य. पण वांग उष्णतेनेही वाढतात, मास्क आतून तापतो. आत्ता कुठलाच नको.

आबा_सातारकर: आमच्या नातीला कावीळ झाली तेव्हा दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली होती. ती काही काळी पडली नाही.

नाइटड्यूटी: आबा, तो बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) फोडायला असतो, तरंगलांबी वेगळी. आणि बाळाचे डोळे झाकतात. चहाताई, तुम्ही झाकता का? गोळ्या काही चालू?

दुपारचा_चहा: डोळे कसे झाकणार, सिरीयल कशी दिसेल? गोळी डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक), पिंपल्ससाठीच. सांगायचं राहिलं.

पेठकर: हे पहिल्या ओळीत हवं होतं!

नाइटड्यूटी: डॉक्सीने कातडी उजेडाला हळवी होते. न्यूट्रोजीना कंपनीने 2019 मध्ये आपला असाच मास्क परत मागवला, तो डोळ्यांचे काही विकार असलेल्यांच्या आणि अशी औषधं घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या काळजीपोटीच. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. बाहेर पडताना आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड (रंग मिसळलेलं) सनस्क्रीन लावा. साध्या सनस्क्रीनने दिसणारा उजेड फारसा अडत नाही. शनिवारपर्यंत डाग जाणार नाहीत, मेकअपवालीला आधीच सांगून ठेवा.

सायसाखर: टिंटेड म्हणजे फाउंडेशनच की. साय फुकट असते.

पेठकर: फुकट? म्हशीचं दूध काय भाव आहे बघा जरा.

आबा_सातारकर: अवांतर: हा मास्क गुडघ्याला बांधता येतो का?

दुपारचा_चहा: बंद केला. आबा, सासूबाईंनी कालच बांधून बघितला, नाकाची भोकं मधे येतात.