आजोबांच्या ट्रंकेत दुसऱ्याच कुणाचा तरी बिल्ला

गोधडी
नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातली, सध्या पिंपरीत. आजीचं वर्षश्राद्ध झालं आणि गावचं घर उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावरची आजोबांची काळी ट्रंक खाली आली. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले. आत वाळवीनं निम्मं खाल्लेलं डिस्चार्ज बुक, एक खाकी मफलर आणि विड्यांचा पत्र्याचा डबा. डब्यात चार बिल्ले. एक गोल, तीन ताऱ्यासारखे, सहा टोकांचे.

त्यातले दोन तारे अगदी एकसारखे. दोन्हींवर मधे मुकुट, भोवती गोलात 'द इटली स्टार', वर लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल पट्ट्यांची फीत. एकाची फीत धड आहे, दुसरीच्या सुतळ्या झाल्यात. एकाच माणसाला दोन इटली स्टार कसे, म्हणून मोबाइलच्या उजेडात मागची बाजू पाहिली. मागे बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. एकावर आजोबांचं नाव. सुतळ्या झालेल्यावर दुसराच नंबर, दुसरंच नाव, पलटण मात्र तीच.

आमच्याकडे एक गोष्ट पिढीजात सांगतात. आजोबांचा जोडीदार इटलीत पडला, तेव्हा आजोबांनी त्याच्या छातीवरचा बिल्ला काढून खिशात घातला आणि शेवटपर्यंत जपला. लग्नाकार्यात चुलते ही गोष्ट रंगवून सांगायचे. म्हणजे हाच तो बिल्ला, यात मला शंका नाही.

मला तो त्या माणसाच्या घरी पोचवायचाय. शोधू कुठून? आडनाव असं की हाक मारली तर निम्मा सातारा 'ओ' देईल. नाव मुद्दाम इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना आधी कळू दे.

झटपट_राव
जुन्या बाजारात अशा सेटला गिऱ्हाईक असतं. चारही एकदम काढलेत तर बरे पैसे येतील.

गोधडी
राव, प्रश्न परत एकदा वाचा.

पेन्शनर_७१
ताई, मी पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, शेवटची वर्षं कागदपत्रांतच गेली. आधी चांगली बातमी. त्या लढाईचे तारे आणि मेडलं ब्रिटिश सैनिकांना कोरी दिली, मागे नाव नाही. आपल्या लोकांच्या बिल्ल्यांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं ठोकलेलं असतं. तेव्हा तुमच्या हातात नुसता पितळी तुकडा नाही, पत्ताच आहे म्हणा. नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. तो भिंगाखाली धरून दोनदा लिहून घ्या, ३ आणि ८ मध्ये फसगत होते.

आता जरा कडू. छातीवरून काढल्याची गोष्ट खरी असणं शक्य नाही. इटली स्टार जाहीरच झाला मे १९४५ मध्ये, युरोपातली लढाई आटोपली तेव्हा. धातूचा तारा लोकांच्या हातात पडला तो त्यानंतर. इटलीत पडलेल्या कुठल्याही जवानानं तो कधी डोळ्यांनी पाहिला नाही. गेलेल्याचे बिल्ले सरकार वारसाला पाठवायचं, आईला, बायकोला. म्हणजे तुमच्या आजोबांकडे तो आला असेल तर त्या घरातूनच. नाहीतर वाटपात घोटाळा झाला असेल.

आणि हात जोडून सांगतो, ब्रासो लावू नका. चिंच तर नकोच. अक्षरं झिजतात.

गोधडी
काका, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलंच नाही. बाबांना सांगितलं तर ते चिडले, "मग काय आमचा बाप खोटं बोलला?"

रात्री विचार करताना लक्षात आलं की ही गोष्ट आजोबांच्या तोंडून कुणीच ऐकलेली नाही. सांगायचे ते चुलते. आजोबा लढाईबद्दल बोलायचेच नाहीत. फार तर थंडीचा विषय निघाला की म्हणायचे, "सांग्रूच्या नदीला होतो तेव्हाचा चिखल बघायला हवा होता." आम्हाला वाटायचं, कोल्हापूरकडचं सांगरूळ असेल.

बसऱ्याचा_पणतू
सांगरूळ नव्हे, सांग्रो! इटलीतली नदी. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजननं ती ओलांडली, पावसानं फुगलेली असताना. मराठा पलटणीची पहिली बटालियन त्या डिव्हिजनमध्ये होती. तिथे युद्धस्मशान आहे आणि त्यातच दहन झालेल्या ५१७ भारतीयांचं वेगळं स्मारक आहे.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले, ११७ मराठा पलटणीतून. कुतच्या वेढ्यात सापडले, परत आलेच नाहीत. घरात त्यांच्या नावाची काशाची तबकडी होती, लढाईत गेलेल्यांच्या घरी सरकार पाठवायचं ती, साधारण अर्ध्या वितीची. आजी तिच्यावर हळकुंडं ठेवायची, त्यामुळे तिच्यावरची ब्रिटानियाबाई (ब्रिटनची देवीच म्हणा) आणि तिचा सिंह दोघेही पिवळे. त्या तबकडीवर नाव असतं, हुद्दा नसतो. नंबर नाही, पलटण नाही, त्यामुळे मला चार वर्षं लागली. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचे नुसते आकडे. नावं वहीत. राग येतो, पण ती वही आता संगणकावर बघता येते, म्हणून तर पणजोबा सापडले.

तुमचं काम सोपं आहे. लढाईत गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर जा, नावाच्या रकान्यात काही लिहू नका, फक्त सर्व्हिस नंबर टाका. नावाची स्पेलिंगं इंग्रजांनी कानाला येतील तशी केलीत. नशीब असेल तर नोंदीत बापाचं नाव आणि गावही मिळेल.

गोधडी
मिळालं!! नंबर टाकला आणि एकच नोंद आली. सांग्रोचंच दहन स्मारक, नोव्हेंबर १९४३. वडिलांचं नाव आहे, गाव आहे, पुढे 'सातारा, इंडिया'. स्क्रीनवर बोट ठेवून बसले नुसती.

पण घोडं इथे अडलंय. त्या नावाचं गाव सातारा जिल्ह्यात कुठेच नाही. सगळे तालुके पालथे घातले.

बसऱ्याचा_पणतू
ताई, तो १९४३ चा सातारा! १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतो आपण, पण त्यातला वाळवा आज सांगलीत. वाळवा, तासगाव, खानापूर या बाजूला शोधा. (रत्नागिरीवाल्यांनाही हेच, १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग त्यांच्यातच होता.)

गोधडी
उशिरा लिहितेय, मधे बरंच घडलं.

गाव सापडलं, वाळवा तालुक्यात. फोन करण्याआधी आत्याला विचारलं, ती ८१ वर्षांची आहे. गावाचं नाव घेतल्यावर ती म्हणाली, "तिकडं दादा जायचे की." दर वर्षी माघात एकटेच निघायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. कुठे जाता विचारलं तर "जरा काम आहे". येताना गुळाची ढेप आणायचे. आजीला वाटायचं गूळच आणायला जातात, आणि ती कुरकुरायची की पाटणात काय गूळ मिळत नाही का.

ग्रामपंचायतीतून एक नंबर मिळाला. फोन उचलला तो त्या शिपायाच्या भावाचा नातू, माझ्याच वयाचा. मी नाव आणि नंबर वाचून दाखवला. बराच वेळ पलीकडून नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाला, "आमच्यात त्यांचे दोन हाईत की, फ्रेम करून लावल्यात. ह्यो तिसरा आमास्नी ठावंच न्हाई." बिल्ला आमच्याकडे कसा आला ते त्यालाही माहीत नाही. पण त्याच्या आजोबांकडून ऐकलेलं एक त्याला आठवत होतं. पाटणकडचा एक फौजी यायचा, पणजीला "आई" म्हणायचा, पडवीत झोपायचा आणि सकाळी गूळ बांधून घेऊन जायचा.

पणजीनं तो तारा आजोबांना स्वतः दिला असेल का? मला वाटतं, दिला असेल. पुरावा काही नाही. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत. उठून त्या मफलरीला ऊन दाखवलं.

या की म्हणाला, पण आत्ता नको, ऊसतोडीची टोळी आलीय, शिवरात्र झाल्यावर. बिल्ला ठेवून घेणार का विचारलं, तर म्हणे आणा तर खरं, मग बघू. आत्यापण येणार आहे. मी म्हटलं जाताना काय न्यायचं, तर म्हणाली, "जाताना पेढे घे. येताना गूळ आपला मिळंलच."

पेन्शनर_७१
डिस्चार्ज बुकाचा राहिलेला भाग झेरॉक्स करून न्या. दोघांची कंपनी एकच निघते का ते बघा, त्यांच्याकडे कागद असतील. फीत तशीच राहू द्या, नवी शिवू नका. आणि तारा पेढ्यांच्या पिशवीत टाकू नका.