पदवीचे शेवटचे सत्र : तुम्ही काय ठरवले होते?

मी सांगलीतील एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 मध्ये प्रवेश घेतलेली आमची पहिलीच तुकडी. त्यामुळे येत्या उन्हाळ्यात तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावे, की चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यावी आणि पुढे एका वर्षात एम.एस्सी. पूर्ण करावी, हे विचारायला आमच्या आधी त्या वाटेने गेलेले कोणीच नाही. फेब्रुवारीत आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठीची जॅम परीक्षा आहे, तिचा अर्ज भरला आहे. वडिलांची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन येणारे प्रत्येक जण "पोरगी आता पुढं काय करणार?" असे विचारते आणि वडील पट्टा सैल पडलेला नसतानाही तो तपासायला वाकतात. ज्यांनी हे दिवस पाहिले आहेत त्यांनी, तेव्हा काय ठरवले होते आणि ठरवताना काय ठाऊक नव्हते, ते लिहावे अशी विनंती आहे.

पुणे, यांत्रिकी अभियांत्रिकी, 2009

कॅम्पस मुलाखतीतून निवड झालेल्यांची यादी सातव्या सत्राच्या सुरुवातीलाच लागली आणि तीत माझे नाव होते. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बँक बुडाली, तेव्हा त्या बातमीचा आपल्याशी काही संबंध असेल असे मनातही आले नाही. पदवी हाती आली, रुजू होण्याची तारीख मात्र दोनदा पुढे गेली आणि मग कंपनीकडून पत्रे येणेच थांबले. ऑफर लेटर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. तिने ते कपाटात कधी ठेवून दिले ते मला कळले नाही, पण एक दिवस ते बैठकीच्या खोलीत नव्हते, हे अजूनही बोचते. त्या रिकाम्या महिन्यांत गेट परीक्षेचा अभ्यास केला आणि एम.टेक.ला लागलो. शेवटच्या वर्षातच ती परीक्षा दिली असती तर वर्ष वाचले असते, पण नोकरी लागलेल्याने परीक्षा कशाला द्यायची, असाच आमच्या वसतिगृहात समज होता. आता गेटचे गुण तीन वर्षे चालतात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येते, म्हणून माझ्या भाच्याला मी ती देऊन ठेवायला लावली.

परभणी, बी.ए., 2018

राज्यसेवा द्यायची, असे मी तिसऱ्या वर्षातच घरी सांगून टाकले होते. खरे तर दुसरे काही सुचत नव्हते आणि "तयारी करते आहे" या उत्तराला आमच्याकडे मान होता. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिले. अभ्यासिकेतील माझी जागा दीड हात रुंद होती आणि टेबलाच्या कडेला आधीच्या मुलीने आपल्या प्रयत्नांची वर्षे पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ती चार होती. मी ती खोडली नाहीत, त्यांच्याखाली माझे पहिले वर्ष लिहिले.

करोनामुळे 14 मार्च 2021 ची पूर्वपरीक्षा पुढे गेल्याचे तीन दिवस आधी कळले, तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या मुलामुलींत मीही होते. परीक्षा आठवडाभराने झाली, पण त्या रात्री खोलीवर परतताना मला पहिल्यांदा वाटले की, आपण किती वर्षे देणार आहोत हे आपण कोणालाच सांगितलेले नाही, स्वतःलाही नाही. खुल्या प्रवर्गाला 38 व्या वर्षापर्यंत मुभा असल्यामुळे थांबण्याची तारीख बाहेरून कोणी देत नाही. ती मी पदवीच्या वर्षीच, डोके शांत असताना, घरच्यांसमोर बोलून ठेवायला हवी होती. शेवटी दादानेच ती घातली. 2023 ची तलाठी भरती दिली आणि आज मी तलाठी आहे.

माझी खोलीतली मैत्रीण अजून तिथेच आहे. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा तिने वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या साऱ्या वह्या बाजूला ठेवून उत्तरलेखन पहिल्यापासून सुरू केले. तिला कोणी हसू नये. तिच्याइतका राज्यघटनेचा अभ्यास असलेली व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

कोल्हापूर, अध्यापक

मी पदवी वर्गांना शिकवतो. योग्य निर्णय घेतलेली मुलेही कागदापायी अडतात, हे दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी हळहळतो. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा आपल्या दाखल्यावर कोणते वर्ष छापले आहे ते आजच पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेत आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक असेल, तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा. प्रवेशाच्या आठवड्यात कोणत्याच कार्यालयाला वेळ नसतो.

जर्मनीतून, अभियांत्रिकी, 2024

इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, एवढ्यावर घरचे खूश होते. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला, लागते, हे शेवटच्या सत्रात कळले. माझ्या अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत 15 जुलैला संपली आणि आमचा निकाल त्यानंतर लागला. वर्ष गेले. त्या वर्षी चाकणला एका लहान कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करत होतो आणि पुढच्या अर्जात त्याच कामाबद्दल मला सर्वांत जास्त लिहिता आले.

पुन्हा सांगलीहून

सर्वांचे मनापासून आभार. परभणीच्या ताईंचे वाचून काल रात्री गिरणी बंद झाल्यावर मी वडिलांना दोन्ही वाटांचा खर्च वहीत मांडून दाखवला आणि नोकरीची वाट किती दिवस पाहायची तेही लिहिले. त्यांनी एकच विचारले, चौथ्या वर्षानंतरचे एम.एस्सी.चे वर्ष आपल्याच गावात होईल का? हे मी आजवर कोणालाच विचारले नव्हते, उद्या विभागप्रमुखांना विचारणार आहे. सर, दाखला काढून पाहिला. तो याच 31 मार्चला संपतो आहे. सोमवारी वडील गिरणी दुपारपर्यंत बंद ठेवून माझ्याबरोबर तहसील कार्यालयात येणार आहेत.