अ‍ॅक्टरमध्ये स्प्रिंग घुसवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार

जुनाखोड: काल इथे अक्का (मेसेजवर चालणारे स्वतंत्र घटक, म्हणजे अ‍ॅक्टर, लिहायची लायब्ररी) आणि स्प्रिंग (ऑब्जेक्ट बनवून जोडून देणारं फ्रेमवर्क) यांवरच्या पोस्टमध्ये वाचलं: "अक्का काय नि साधी सर्व्हिस काय, सगळं स्प्रिंगमधून इंजेक्ट करा, रिक्वेस्ट आयडी एमडीसीत टाका, विषय संपला." अहो, विषय तिथूनच सुरू होतो! एमडीसी, म्हणजे लॉगच्या ओळींना जोडायच्या माहितीचा कप्पा, थ्रेडला चिकटलेला, आणि अ‍ॅक्टरचा एक मेसेज या थ्रेडवर तर पुढचा भलत्याच. मागच्या नोकरीत यापायी एकाच्या ऑर्डरचा आयडी दुसऱ्याच्या लॉगमध्ये छापला जायचा. दोन रात्री चुकीच्या ग्राहकाचं पेमेंट शोधत बसलो. शिवाय बीन (स्प्रिंगने बनवलेला ऑब्जेक्ट) सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना एकच, राहिलं, तर रिस्टार्टला ताज्या अ‍ॅक्टरऐवजी तोच नासका ऑब्जेक्ट परत. मग सुपरव्हिजन (पडलेला अ‍ॅक्टर नव्याने उभा करणं) काय पूजेला ठेवायचं?

पोहे_विथ_पॉइंटर: पोस्ट माझीच. प्रोटोटाइप स्कोप (दर वेळी नवा ऑब्जेक्ट) लावायचा हेही सांगायचं का आता? आणि इंजेक्ट नाही केलं तर टेस्टमध्ये खोटी रेपॉझिटरी (डेटा आणून देणारा भाग) कशी घालणार?

जुनाखोड: प्रॉप्समधून, म्हणजे अ‍ॅक्टर बनवायच्या कृतीतून! माझं भांडण कन्स्ट्रक्टरशी नाही, स्प्रिंगच्या कंटेनरशी आहे. अक्काच्या टाइप्ड एपीआयमध्ये तर बिहेवियर (मेसेज आल्यावर काय करायचं ते) देणारं साधं फंक्शन, रेपॉझिटरी आर्ग्युमेंट म्हणून द्या. आयडीला अक्काचं विथ-एमडीसी (मेसेजगणिक एमडीसी भरणारं) आहेच.

रात्रपाळी: आणि अ‍ॅक्टरच्या कॉन्टेक्स्टचा लॉग फ्यूचरच्या (नंतर येणाऱ्या उत्तराच्या) कॉलबॅकमधून, म्हणजे भलत्याच थ्रेडवरून, मारला की? आमच्याकडे निम्म्या टीमने मारला होता. त्यात लॉगबॅक या लॉगिंग लायब्ररीचा असिंक अपेंडर (ओळी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा): रांग २५६ची, ८० टक्के भरली की इन्फो पातळीच्या ओळी गुपचूप फेकतो. ऐन आगीत नेमक्या हव्या त्याच ओळी गायब.

खिसा_रिकामा: अजून अक्का वापरता? २०२२मध्ये लायसन्स बदललं तेव्हा झोपला होता काय?

पोहे_विथ_पॉइंटर: अडीच कोटी डॉलरच्या आत उलाढाल असेल तर फुकट आहे.

खिसा_रिकामा: हे आमच्या लीगलवाल्यांना समजावून दाखवा. अक्काचं नवं बिझनेस सोर्स लायसन्स म्हटलं की ते फाइलच मिटतात. अक्काच्या २.६वरून फुटलेलं अपाची पेक्को घ्या, सुटा.

रात्रपाळी: "सुटा" म्हणे! पॅकेजची नावं बदलली, कॉन्फिगमध्ये एक "अक्का" तसंच राहिलं. सेटिंग लागू होईना, एररही येईना. अख्खा शनिवार गेला.

खिसा_रिकामा: सर्च-रिप्लेस येत नसेल तर त्याला पेक्को काय करणार?

रात्रपाळी: तुम्ही स्वतः किती सर्व्हिस हलवल्यात?

खिसा_रिकामा: एक. छोटी होती.

जुनाखोड: लायसन्सचा वेगळा धागा काढा रे, इथे लॉगिंग चाललंय.

पोहे_विथ_पॉइंटर: चाललं *होतं*. बरं, प्रोटोटाइपचं पोस्टमध्ये टाकतो. एमडीसीची ओळ खोडतो. स्प्रिंग मात्र राहणार, आमचे कनेक्शन पूल तिथेच बनतात.

जुनाखोड: पूल तिथे बनवा की, कोण अडवतंय? प्रॉप्समध्ये हाताने द्या.

पोहे_विथ_पॉइंटर: तेच तर करतो मी!

जुनाखोड: मग पोस्टमध्ये तसं लिहायला काय झालं होतं?