विषय: गुन्हा केवढा, दंड केवढा

दादा, नमस्कार. सुट्टीला कोल्हापूरला आलीय, राजारामपुरीत. इथं ज्याच्या त्याच्या तोंडी गाडीच्या दंडाचा विषय. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत विनालायसनचा दंड 500 चा 5000 केला, दंड नकोच असं मी म्हणत नाही, पण घरोघरी दूध घालणाऱ्या पोराला 5000 आणि फॉर्च्युनरवाल्याला पण 5000, हे काय पटत नाही बघा. तिकडं अमेरिकेच्या घटनेतच जादा दंडाला बंदी आहे म्हणतात, खरं काय?

---

ताई, खरं आहे, आठव्या दुरुस्तीत, 1791 पासून. पण ती राज्यांच्या दंडालाही लागू आहे हे इथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं थेट 2019 ला, टिम्ब्सच्या केसमधे. टिम्ब्स हा इंडियाना राज्यातला माणूस, थोडं हेरॉइन विकताना सापडला, गुन्हा कबूल केला, एक वर्ष घरातच नजरकैद आणि पाच वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली, असं झालं. वर त्याची 42 हजार डॉलरची लँड रोव्हर पण जप्त, वडलांच्या विम्याच्या पैशातनं घेतलेली, आणि त्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 10 हजार डॉलर! गाडी 2013 ला गेली ती परत मिळाली 2020 ला. दंड मोजताना माणसाची ऐपत पण बघा असं इंडियानाच्या कोर्टानं सांगितलं, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण सुप्रीम कोर्टानं तो मुद्दा मोकळाच सोडला होता.

आपल्या घटनेत असं सरळ वाक्य नाही. दंड संहितेच्या कलम 63 मधे होतं, रक्कम ठरवून दिली नसेल तर दंडाला मर्यादा नाही पण तो अतिरेकी नसावा, आता ते न्याय संहितेत कलम 8 ला आलंय. पण तुमच्या 5000 चा आकडा कायद्यातच लिहिलाय, तिथं हे कलम काय कामाचं, मग घटनेचं समानतेचं कलम 14 आणि जीवन-स्वातंत्र्याचं कलम 21 घेऊन हायकोर्टात जायचं. 1983 ला मिठूच्या केसमधे याच दोन कलमांवर दंड संहितेच्या कलम 303 ची, म्हणजे जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर, सक्तीची फाशी रद्द झाली, शिक्षा देताना जजला समोरचा माणूस बघता आला पाहिजे म्हणून. मग दंडातच का नको?

---

दादा, हायकोर्ट म्हणजे मुंबई असं होतं, आता ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, आपल्या कोल्हापुरातच बसतंय, लई मोठी सोय झाली. पण 5000 साठी वकील कोण लावणार सांगा, फीच त्याच्यावर जाईल! म्हणून मला वाटतं कायदा करतानाच कमाईचा विचार व्हावा, फिनलंडमधे रोजच्या कमाईवर दंड मोजतात तसा. मंडळातर्फे यावर ऑनलाइन व्याख्यान ठेवूया, तिकडच्या आपल्या वकील लोकांना तुम्ही विचारता का? वेळ मात्र इकडच्या संध्याकाळची धरा.