चर्चा : रॉक ड्रमवादनात श्रेष्ठ कोण, जॉन बॉनम की नील पीअर्ट?

टिळकवाडीकर : रॉक ड्रमवादकांची तुलना निघाली की आपल्या बेळगावातली मुले लगेच वेगावर आणि ड्रमच्या संख्येवर येतात, आणि पहिला मान रश या बँडच्या नील पीअर्ट यांना देऊन मोकळी होतात. मला हे मान्य नाही. लेड झेपेलिन या बँडच्या जॉन बॉनम यांनी 1969 च्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात एका पायाने, एकाच पेडलवर बास ड्रमचे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) जे तिहेरी ठोके काढले, ते ऐकून अनेकांना दोन बास ड्रम असल्याचा भास झाला. पुढच्या काळात हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत त्यांचा संच जिन्याच्या तळाशी मांडून मायक्रोफोन वरून सोडले गेले. त्या मुद्रणात ठोका भिंतींवर आदळून परत येतो आणि त्या परतीच्या नादाला जागा ठेवूनच पुढचा ठोका पडतो. विसर्जन मिरवणुकीत रामदेव गल्लीत ढोलाचा घुमारा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

निपाणीकर : घुमारा वास्तूचा, श्रेय वादकाला! पीअर्ट यांची रचना पाहा. टोरांटो विमानतळाची YYZ ही सांकेतिक अक्षरे मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड खुणांच्या तारेच्या लिपीत, घालून त्यांच्या बँडने एका वाद्यरचनेची सुरुवात बांधली, तीही 10 मात्रांत. आपला झपतालच म्हणा. शिवाय बँडची बहुतेक गीतेही त्यांनीच लिहिली.

खानापूरकर : निपाणीकर, मात्रा 10 असल्या म्हणजे झपताल होत नाही. झपतालाचे विभाग 2-3-2-3, आणि त्यात टाळी-खालीचा हिशेब असतो. येथे मोर्समधल्या लांब खुणेला दोन आणि आखूड खुणेला एक अर्धमात्रा धरा : पहिल्या अक्षराच्या 7, दुसऱ्याच्या पुन्हा 7, तिसऱ्याच्या 6, एकूण 20. ही 7-7-6 अशी लंगडी चाल आहे आणि तिची गंमत त्या लंगडेपणातच आहे. मी तबला वाजवतो, म्हणून सांगतो की हातावर टाळी देत ही चाल सलग धरून ठेवणे झपताल धरण्याहून अवघड आहे. या मुद्द्यावर माझे मत पीअर्ट यांनाच.

शहापूरकर : दोन्ही बाजूंना ठेका धरणाऱ्याचा विसर पडला आहे. रोलिंग स्टोन्स या बँडचे चार्ली वॉट्स स्नेअरवर (खणखणीत आवाजाच्या लहान ड्रमवर) ठोका पडताना हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलून घेत. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तेवढी एक फट पडते, आणि त्या फटीमुळे गाणे झुलते. लहानसा संच, दिखाऊ काही नाही. भजनात पखवाज वाजवणाऱ्याने बोलांची आतषबाजी केली तर टाळकरी त्याला पुन्हा बोलावतील का?

टिळकवाडीकर : शहापूरकरांचे म्हणणे माझ्याच बाजूचे आहे. राहिला प्रश्न पीअर्ट यांचा : कीर्तीच्या शिखरावर असताना, 1990 च्या दशकात, ते ड्रमशिक्षक फ्रेडी ग्रुबर यांच्याकडे नव्याने शिकायला गेले आणि त्यांनी काड्या धरण्याची पद्धतही बदलली. वाजवणे काटेकोर आहे, पण त्यात ओघ कमी पडतो, असे त्यांना स्वतःलाच वाटले असणार.

निपाणीकर : नाव झालेला वादक पुन्हा गुरूपुढे बसतो, ही उणीव कशी? आपल्याकडे याला तालीम म्हणतात, आणि त्यासाठी कलावंताचा मान वाढवतात. बॉनम 1980 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या हाताला अशी दुसरी तालीम मिळालीच नाही, तेव्हा लेड झेपेलिनमधल्या बारा वर्षांच्या वादनाशी रशमधले चाळीस वर्षांचे वादन तोलताना काटा जरा जपून धरा.